टर्बोच्या हीटसाठी पातळ इन्सुलेशन कुठलं लावू? मदत हवी आहे

मंडळी, बीएस ६ दहाचाकी ट्रक आहे, पुणे-कोल्हापूर लाइनला. लोड घेऊन खंबाटकी घाट चढला की टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) आणि त्याच्या खालच्या पाइपची हीट सरळ केबिनच्या फ्लोअरवर येते, ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट मऊ पडलंय आणि बाजूच्या वायरिंगचं स्लीव्ह कडक होऊन तडकायला लागलंय. पाइप आणि पत्र्यात जेमतेम बोटभर गॅप, जाड सिरॅमिक ब्लँकेट बसतच नाही.

मेकॅनिक म्हणतो फायबरग्लासची पट्टी गुंडाळ, पण साधं ग्लास ५००-५५० डिग्रीच्या आसपास हात टेकतं ना, आणि फुल लोडवर टर्बोच्या तोंडाशी त्याच्या वर जातं, वर पट्टीत ऑइल मुरलं तर पेट घ्यायची भीती वेगळीच. बसाल्टची (दगडाच्या तंतूंची) पट्टी बरी का? की स्टीलच्या पातळ पत्र्यात बंद केलेलं मायक्रोपोरस (अतिबारीक छिद्रांचं) पॅड? ते कमी जाडीत भारी काम करतं पण पाण्याने खराब होतं म्हणे, मग आपल्याकडच्या पावसाळ्यात काय करायचं?

डीपीएफला (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) गरम गॅस लागतोच, त्यामुळे पाइप गुंडाळायला हरकत नसावी, पण सेन्सरला काही त्रास होतो का? कुणी प्रत्यक्ष बसवलंय त्यांनी फोटो टाका, पुण्यात कोण करून देतं तेही सांगा. वॉरंटी संपलीये, त्यामुळे ती भानगड नाही.