पोराला वरचं लवकर सुरू केलं की आईच आळशी?

सिडकोची सून
काल इथे एकांनी लिहिलं, "आजकालच्या आयांना अंगावर पाजायचा कंटाळा, म्हणून चौथ्या महिन्यातच वरचं सुरू करतात." रात्रभर डोक्यात तेच. माझं सिझर झालं तेव्हा पहिला पिवळा चीक मला पिळून टाकायला लावला, "खराब असतो" म्हणून. बाळाच्या तोंडात मधाचं बोट. चीक तासाभरात पाजायचा असतो हे मला माहीत होतं हो! पण टाके ओढताहेत, कूस बदलता येत नाही आणि समोर घरातली चार मोठी माणसं. तिसऱ्या दिवशी बाळ रडलं की "हिला दूधच पुरत नाही." जेवढं पाजाल तेवढं येतं, पावडरच्या दुधाचा डबा आणला की आटतं, हे त्या खोलीत कुणी बोललं नाही. यात माझा कंटाळा कुठे आला?

पंचवटीची आजी
म्हणजे सगळं खापर सासवांवर. आमची चार पोरं गुटीवर वाढली. सहाणेवर वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, जायफळ, खारीक, बदाम, एकेकाचे मोजून वेढे, आईच्याच दुधात. काही झालं नाही कुणाला. आणि नाशिकच्या मे महिन्यात पाण्याचा घोटसुद्धा द्यायचा नाही?

अंगणवाडीताई, दिंडोरी
आजी, आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा मागतं, तेव्हा पाजायचं. सहा महिने दुसरं काही नको. मी घरोघर जाते, सहाण धुऊन उपडी ठेवलेली क्वचित दिसते. मध तर वर्षाच्या आत नकोच. त्यातून बोटुलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने होणारा गंभीर आजार, होऊ शकतो.

पंचवटीची आजी
आमची सहाण उकळत्या पाण्याने धुतलेली असायची. सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

अंबडकर
गुटी राहू द्या बाजूला. बायको कंत्राटी कामाला. २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे म्हणे, पण आधीच्या वर्षात ८० दिवस भरलेले लागतात. ठेकेदाराने तेवढे कागदावर दाखवलेच नाहीत. अडीच महिन्यांचं पोर सासूकडे टाकून ती कामावर गेली. दुपारी ब्लाऊज भिजायचा, मग बाथरूममध्ये दूध पिळून बेसिनमध्ये सोडायची. घरी तेच पोर डब्यावर. तिला कोण आळशी म्हणतो, समोर या.

अंगणवाडीताई, दिंडोरी
दादा, काढलेलं दूध स्वच्छ झाकणाच्या भांड्यात फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं. वाटी-चमच्याने पाजता येतं.

अंबडकर
कारखान्यात फ्रीज साहेबांच्या केबिनमध्ये असतो, ताई. पन्नास कामगार असले की पाळणाघर लागतं, तेही मी कधी पाहिलं नाही.

गंगापूर रोड
सगळे लवकर भरवण्यावरच भांडताय. आमच्याकडे मुहूर्त सापडेना म्हणून उष्टावण आठव्या महिन्यात. नंतरही दोन महिने नुसतं डाळीवरचं पाणी. लेकीचं हिमोग्लोबिन कमी निघालं. सहा महिन्यांनंतर नुसत्या दुधातलं लोह पुरत नाही, हे मला डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं. चमचा तिरका केला तरी ओघळू नये इतका घट्ट वरणभात हवा होता. तो दोष माझाच आहे.

पंचवटीची आजी
मधाचं मान्य. तेवढंच. पुढच्या महिन्यात सून बाळंत होतेय, सहाण मी काढून ठेवली आहे.

सिडकोची सून
सहा महिने ती माळ्यावरच राहू द्या, आजी. आणि पहिल्या दिवशी तिच्या खोलीत कुणी चीक टाकायला सांगितला, तर तुम्ही तिच्या बाजूने बोला.