मदत हवी आहे : तासाला १२० उल्का म्हणतात, मला चौदाच का दिसल्या?

नमस्कार मंडळी. शेत दारव्हा तालुक्यात, यवतमाळ जिल्हा. तुरीत रानडुकरं शिरतात म्हणून डिसेंबरभर रात्रीची जागल असतेच. मागच्या १३ डिसेंबरला म्हटलं, मचाणावर बसायचंच आहे तर मिथुन राशीतला उल्कावर्षाव मोजू. नऊ ते दहा, मोजून एक तास. दिसल्या चौदा.

मोजण्यात गडबड नसावी. तारा तुटला की तुरीचा एक दाणा डाव्या खिशातून उजव्या खिशात, म्हणजे मोबाईल उघडायला नको. सकाळी आईनं दाणे बघितले आणि म्हणाली, एवढ्यासाठी थंडीत कुडकुडलास?

शेजारच्या धुऱ्यावर कुंपणाच्या झटका मशीनपाशी डुकरं पळवायचा दिवा रात्रभर लुकलुकतो. पहाटे कधी धुवारी उतरते. मी सारा वेळ पुनर्वसूच्या ताऱ्यांकडे टक लावून होतो, ते चुकलं का? यंदा भाचे येणार आहेत. पेंचला २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं, म्हणजे दिव्यांचा उजेड आवरून आकाश काळं राखलेली जागा, तिकडे न्यावं का? मोटारसायकलवर दोन पोरं घेऊन एवढं लांब जमणार नाही खरं तर.

प्रतिसाद : दादा, नऊच्या मानानं चौदा वाईट नाहीत. १२० चा आकडा आकाश पूर्ण काळं आणि उगमबिंदू, म्हणजे उल्का जिथून निघाल्यासारख्या दिसतात ती जागा, थेट डोक्यावर धरून काढतात. ती जागा पुनर्वसूपाशीच. नऊला पुनर्वसू ईशान्येला खालीच असतो, माथ्यावर येतो रात्री दोनच्या सुमारास. तेव्हा बसा. बसा कशाला, बाजेवर उताणे पडा. उगमापाशी रेघा आखूड दिसतात, जरा बाजूला बघितलं की लांब.

डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो आणि तो दिवा तेवढ्यात घात करतो. बंद करा म्हणू नका, डुकरं शिरली तर आयुष्यभराचं वैर. तुमच्या बाजूनं खताचं रिकामं पोतं आडवं टांगा.

पेंच राहू द्या. यंदा, २०२६ ला, अमावास्या ८-९ डिसेंबरला आहे, म्हणजे १३ आणि १४ च्या रात्री चंद्रकोर दहाच्या आसपास मावळून जाईल. भाच्यांना सांगा, बहुतेक वर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे, हा मात्र १९८३ मध्ये सापडलेल्या फेथॉन नावाच्या लघुग्रहाचा. वेग सेकंदाला ३५ किलोमीटर, तरी उल्कांमध्ये हा संथच.

मूळ धागाकर्ता : पोत्याचं डोक्यातच आलं नव्हतं. शेजारच्या काकांना विचारलं, हो म्हणाले. वर म्हणतात, पंधरावा दाणा पडला की मलाही उठव.