खुर्चीची पाठ: कंबरेला भक्कम, खांद्यामागे लवणारी कशी करावी?

डिचोलीचा_रंधा
12 जुलै, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. डिचोलीला आमचा सुतारकामाचा गाळा आहे. बाबांनंतर तो मीच चालवतो. दारे, खिडक्या, देवघरे आणि जुन्या घरांतल्या खुर्च्यांची डागडुजी हे नेहमीचे काम. ऑफिसची खुर्ची आयुष्यात पहिल्यांदा करतोय आणि ती माझ्या ताईसाठी आहे. म्हणून चुकायची भीती जरा जास्त वाटते.

ताई पणजीला हिशेबाचे काम करते, साडेनऊ ते सहा. दोन वर्षे कंबर धरते. डॉक्टरांना दाखवून झाले, हाडात दोष नाही म्हणाले. ऑफिसातल्या तिच्या खुर्चीचे रेक्झिन दुसऱ्या पावसाळ्यातच सोलून निघाले. पाठीला आधारासाठी जो फुगवटा दिलाय तो तिच्या कंबरेच्या बराच वर येतो, कारण ती 5 फूट 1 इंच. स्वतःची खुर्ची आणली तर चालेल असे साहेबांनी सांगितले, तेव्हा मी म्हटले, मी करून देतो.

पहिली पाठ केली 12 मिमी मरीन प्लायची, सपाट, वर दोन इंच फोम. ताई म्हणाली, भिंतीला टेकल्यासारखे वाटते. दुसरी 6 मिमी प्लायची केली. लवावी म्हणून तिला करवतीने आडव्या खाचा मारल्या. लवली छान. अकराव्या दिवशी ताई मागे रेलली आणि एका खाचेच्या टोकापासून कडाड करून चीर गेली. ती पडली नाही, पण इतकी दचकली की दोन दिवस पाठ टेकवून बसलीच नाही. हे मला फार लागले.

मग रविवारी ती घरी जमाखर्च लिहीत असताना तासभर बाजूला बसून नुसते पाहिले. माणूस खुर्चीत स्थिर बसतो हा माझा समज खोटा निघाला. लिहिताना पुढे, फोन घ्यायला डावीकडे वळून, आकडा जुळेना की मागे रेलून वर बघत. दर दोनचार मिनिटांनी काहीतरी बदलतेच. सपाट पाठ यातल्या एकाच बसण्याला उपयोगी पडते.

मापे घेतली. बैठकीपासून कंबरेच्या खोलगट भागापर्यंत 17 सेंमी, खांद्याच्या फऱ्याच्या खालच्या टोकापर्यंत 38 सेंमी. वायरिंगची जाड तांब्याची तार तिच्या पाठीला लावून वळण घेतले आणि कागदावर उतरवले. उभी असताना खोली अडीच सेंमी. बसल्यावर तीच तार जवळजवळ सरळ झाली!

आता प्रश्न. कंबरेला आधार हवा, खांद्यामागे पाठ लवायला हवी, मोडता कामा नये आणि आमच्या पावसात बुरशी धरता कामा नये. प्लाय, वेत, जाळी, काय घ्यावे? बिजागरी कुठे असावी? चवथीच्या आधी द्यायचा विचार आहे.


म्हापसेकर_बाब
12 जुलै, रात्री 10:15

बाब, जाळीची तयार खुर्ची घेऊन टाका. आमच्या दुकानात पाच वर्षे वापरतोय, घाम येत नाही, बुरशी नाही. तुमच्या कामाचे दिवस धरले तर स्वस्तच पडेल.


डिचोलीचा_रंधा
12 जुलै, रात्री 10:32

दोन दुकानांत ताईला बसवून पाहिले. एकीत फुगवटा वर येतो, दुसरीत बैठक इतकी खोल की पाठ टेकवली तर पाय लोंबतात. तिच्या मापाची मिळाली असती तर तीच घेतली असती.


फोंड्याची_फिजिओ
13 जुलै, सकाळी 7:20

पाय लोंबतात हे तुम्ही जाता जाता लिहिलेत, पण माझ्या मते मुख्य गोष्ट तीच आहे. बुटक्या बाईला खोल बैठक दिली की ती पुढे सरकून कडेवर बसते. मग मागची पाठ कितीही चांगली असो, तिचा स्पर्शच होत नाही. म्हणून आधी बैठक बघा. पाठ पूर्ण टेकवल्यावर गुडघ्यामागे दोनतीन बोटे जागा राहिली पाहिजे आणि पाऊल पूर्ण टेकले पाहिजे. टेबल उंच असेल तर पायाखाली पाट द्या.

तार सरळ झाली त्याचे कारण असे. आपण बसतो तेव्हा मांडी पुढे येते, मांडीमागचे स्नायू कमरेचा सांगाडा मागे ओढतात आणि कंबरेच्या पाच मणक्यांची आत वळलेली कमान सपाट होते. कीगन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने 1953 साली वेगवेगळ्या बैठकांत मणक्याचे एक्सरे काढून हेच दाखवले. धड आणि मांडी यांच्यात साधारण 135 अंशांचा कोन असतो तेव्हा कंबर सर्वांत निवांत असते, असे त्याला दिसले. टेबलापाशी तितके उघडून बसता येत नाही. पण पाठ 100 ते 110 अंशांवर रेलली आणि कंबरेला आधार मिळाला तरी बराच फरक पडतो. स्वीडनमध्ये 1970 च्या दशकात मणक्यांमधल्या चकतीवरचा दाब मोजला होता, तेव्हाही रेलून आणि आधार घेऊन बसल्यावर तो कमी भरला.

म्हणून आधार 17 सेंमीवरच द्या, पण अडीच सेंमी पूर्ण देऊ नका. ते माप उभ्या शरीराचे आहे. दीडपासून सुरू करा. जास्त दिला तर तो ताईंना पुढे ढकलील आणि त्या पुन्हा कडेवर जातील. बैठकीच्या लगेच वरचा भाग मोकळा सोडा, ढुंगणाला मागे जायला जागा हवी. जागा नसेल तर कंबर आधारापर्यंत पोचतच नाही.

आणि तासाभराने उठून चार पावले चालायला सांगा. हे खुर्ची करू शकत नाही.


वेर्णा_टूलरूम
13 जुलै, रात्री 8:55

तुमची प्लाय कमकुवत नव्हती, खाच चुकीच्या दिशेने गेली. पाठ मागे लवते तेव्हा ताण उभ्या दिशेत असतो. आडवी खाच त्या ताणाच्या आडवी येते आणि सगळा ताण खाचेच्या धारदार टोकाशी जमतो. कापडाला कातरीने थोडे कापून ओढले की पुढे आपोआप फाटते, तेच इथे झाले.

खाचा उभ्या घ्या. म्हणजे एक पाठ न राहता उभ्या पट्ट्या होतील आणि प्रत्येक पट्टी ट्रकच्या कमानपाट्यासारखी वागेल. ताई डावीकडे वळल्या तर डाव्या पट्ट्याच लवतील, हा मोठा फायदा. पट्ट्या खाली एकत्र ठेवणार असाल तर प्रत्येक खाचेच्या तळाशी 8–10 मिमीचे गोल भोक पाडा, टोक धारदार राहू देऊ नका.

जाडीचा हिशेब नीट लक्षात घ्या. ताठरपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. 6 मिमीची 9 मिमी केली तर दीडपट नाही, जवळजवळ साडेतीनपट ताठ होते. 12 केली तर आठपट, म्हणून तुमची पहिली पाठ भिंत झाली. मी कागदावर असे मांडले: 3 सेंमी रुंद, 6 मिमी जाड अशा 9 पट्ट्या, मध्ये 1 सेंमीच्या फटी, म्हणजे एकूण रुंदी 35 सेंमी. खाली बैठकीच्या वर 10 सेंमीवर आवळलेल्या, तिथून वर 40 सेंमी मोकळ्या. वरच्या टोकाला 10 किलोचा जोर दिला तर सुमारे साडेपाच सेंमी मागे जाईल. प्लायप्रमाणे यात फरक पडेल, म्हणून जोडण्याआधी एक पट्टी शिकंज्यात धरून सुमारे 1.1 किलोचे वजन टांगून बघा. वरच्या पापुद्र्याचे रेषे उभेच हवेत, आडवे आले तर हा हिशेब मोडला.

आता कंबर. तिथे मागून दुसरी आखूड पट्टी द्या, बैठकीपासून 22 सेंमी उंचीपर्यंत. पण ती चिकटवू नका! सुताराचा हात फेविकॉलकडे जाणारच, म्हणून मुद्दाम सांगतो. दोन 6 मिमीच्या पट्ट्या नुसत्या एकीवर एक ठेवल्या तर त्या दुप्पट ताठ होतात. चिकटवल्या तर 12 मिमीची एकच पट्टी होते, म्हणजे आठपट. कमानपाट्याची पाने एकमेकांवर सरकतात म्हणूनच ती झेलतात. आणि ज्या पट्टीने खाली आवळता तिची कड गोल करा, नाहीतर पुढची चीर तिथे जाईल.

बिजागरीची गरज नाही. खुर्ची एका ठिकाणी लवते आणि माणूस दुसऱ्या ठिकाणी, असे झाले की पाठ घासत वर सरकते आणि शर्ट बाहेर येतो. माणूस खुब्याच्या सांध्यातून मागे जातो. तो सांधा बैठकीच्या वर 8–10 सेंमीवर असतो, बैठकीच्या खाली नाही. तुमच्या पट्ट्या त्याच्याच जरा वरून लवतील. एवढे पुरे. आणखी मोकळेपणा हवा असेल तर आवळताना मध्ये रबर बुश घाला. ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याने 1946 च्या सुमारास प्लायच्या खुर्च्यांत पाठ आणि सांगाडा यांच्यामध्ये रबराच्या चकत्याच बसवल्या होत्या.

म्हापसेकर बाब म्हणतात ती जाळी वाईट नाही. 1994 मध्ये एरॉन नावाची ऑफिसची खुर्ची आली ती जाळीचीच, आणि एकच माप सगळ्यांना बसत नाही म्हणून ती तीन मापांत काढली. तुम्हाला तर एकाच माणसाचे माप साधायचे आहे.


वेताचा_वीणकर
14 जुलै, दुपारी 2:05

चाळीस वर्षे वेत विणतो, म्हणून दोन शब्द. आमच्या जुन्या घरांतल्या खुर्च्यांची पाठ वेताची का, तर वारा आरपार जातो. पण तुम्हाला कंबरेपाशी पुढे आलेले वळण हवे आहे. वेत ओला असताना विणतात, वाळला की ताणतो, आणि ताणलेला वेत सरळच जातो. उभा वेत वरच्या दांडीपासून खालच्या दांडीपर्यंत सरळ जाऊन तुमचे वळण बुडवणार. वळण राखायचे तर दोन्ही बाजूंचे खांब वळणाचे करून भार आडव्या वेतावर द्यावा लागतो.

आणखी एक. आषाढात वेत ढिला पडतो. मागून पाणी लावून वाळवला की पुन्हा ताठ होतो, पण वाळवायला ऊन हवे. मी तरी सगळी पाठ वेताची करा असे सांगणार नाही.


डिचोलीचा_रंधा
9 ऑगस्ट, रात्री 9:10

सगळ्यांचे देव बरे करो. उशिरा लिहितोय, कारण पट्ट्या दोनदा कराव्या लागल्या.

फिजिओताईंचे ऐकून आधी बैठक धरली. 46 सेंमी खोल होती, ती कापून 40 केली. सागाच्या उरलेल्या फळीचा पायाखाली 10 सेंमीचा पाट केला. फक्त एवढे करून जुन्याच मोडक्या पाठीवर ताईला बसवले, तर ती आपणहून मागे टेकली. मी दोन महिने पाठ घासत होतो आणि गोष्ट बैठकीत होती.

मग पट्ट्या. 3 मिमीची प्लाय दुपदरी, रेषे उभे, तारेवरून केलेल्या साच्यावर आवळून चिकटवली आणि एक रात्र ठेवली. शिकंजे सोडले की वळण थोडे उलगडते हे पहिल्या खेपेला विसरलो, दीड सेंमीच्या जागी एकही भरेना. दुसऱ्या खेपेला साचा जास्त खोल केला. मागची आखूड पट्टी नुसती ठेवली, चिकटवली नाही, मध्ये मेणबत्तीचे मेण घासले. नऊही पट्ट्या बसवून वर वजनकाटा अडकवून 10 किलोला ओढले, टोक 4 सेंमी मागे गेले. कंबरेपाशी जेमतेम हलले. वर फोम नाही, सुती खोळ घातली आहे, ती काढून धुता येते.

आज अठरावा दिवस. ताई म्हणते संध्याकाळी बसमधून उतरताना दांडी धरून थांबावे लागायचे, ते या आठवड्यात दोनदाच झाले. मी रोज रात्री आवळत्या कडेवर बोट फिरवून बघतो, चीर नाही. पाऊस मोठा लागला की एक पट्टी कुरकुरते, तिथे पुन्हा मेण लावले.

एक अडचण राहिली. ताई फोनसाठी वळते तेव्हा दोन पट्ट्या मागेपुढे होतात आणि खोळ फटीत चिमटते, कधी कुडत्याचे कापडही. वरून आडवी पट्टी ठोकली तर सगळे पुन्हा एकच पाठ होईल. काय करावे?


वेताचा_वीणकर
10 ऑगस्ट, सकाळी 6:50

इथे वेत घ्या. पट्ट्यांच्या वरच्या टोकाखाली चार बोटे रुंदीचा पट्टा, आडवा वेत एक पट्टी पुढून, एक मागून, असा टोपलीसारखा विणायचा. पट्ट्या शेजारणीला धरून राहतील, पण आपापल्या लवतील. फार ओढून विणू नका, ओला वेत वाळताना स्वतःच आवळतो. खोळीच्या आत राहील तेव्हा टोके नीट खोचा, नाहीतर कापड फाटेल. पाठ घेऊन आलात तर समोर बसून करू.


डिचोलीचा_रंधा
10 ऑगस्ट, सकाळी 7:30

काका, शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला येतोच आहे. ताईला एक दिवस जुनी खुर्ची वापरायला सांगतो आणि पाठ सोडवून घेऊन येतो.