ट्रान्सफर केसचं तेल थांबतच नाही, तीन सील बदलून झाले

कास्तकार घाटंजी

नमस्कार मंडळी. माझ्याकडे जुनी फोर बाय फोर पिकअप आहे, डबल केबिन, मागे हौदा. वावर गावापासून दोन किलोमीटर. मधल्या पांदणीत सगळी काळी माती आणि एक नाला. पावसाळ्यात तिथं बंडीशिवाय काही जात नाही, म्हणूनच ही गाडी घेतली. इंजिनाची काही तक्रार नाही. पण ट्रान्सफर केसमधून, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या डब्यातून, तेल गळून राहिलं आहे, ते काही केल्या थांबत नाही.

मागच्या दिवाळीपासून मागच्या आउटपुटचं (मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट निघतो तिथलं) सील तीनदा बदललं, दोन वेगवेगळ्या गॅरेजमध्ये. नवं सील बसवलं की पंधरा दिवस कोरडं, मग फ्लँजखाली (शाफ्ट जोडायच्या गोल तबकडीखाली) पुन्हा ओल. दोन्ही मिस्त्री म्हणतात सील डुप्लिकेट निघालं. तिसऱ्या खेपेला मी स्वतः नागपूरहून चांगलं सील आणलं, तेही महिना टिकलं नाही.

रोज रात्री खाली खोक्याचा पुठ्ठा टाकतो आणि सकाळी डाग मोजतो. वावरात जाऊन आलेल्या दिवशी बारा-पंधरा थेंब. दोन दिवस उभी असली तर एखादाच.

गाडी आणि कापूस एकाच टिनाच्या शेडमध्ये असतात. मागच्या साली दोन गाठोड्यांना डाग लागले, आईनं वेचलेला पांढराशुभ्र कापूस वेगळा काढावा लागला. आता पुन्हा वेचणी तोंडावर आली आहे.

९० नंबरचं गिअर तेल वापरतो, गाडीच्या पुस्तकात तेच लिहिलं आहे. पोळ्यानंतर तेल बदललं तेव्हा जुनं तेल दुधाच्या चहासारखं निघालं. मिस्त्री म्हणाला, जुनं झालं की होते तसं. आता नेमकं कुठं पाहावं?

जीपवाला धारणी

भाऊ, सील राहू द्या बाजूला. आधी तेल निघते कुठून ते पक्कं करा. तेल वरून निघते आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यातून टपकते, चालताना समोरून वारा लागला की आणखी मागे सरकते. गिअरबॉक्सचं तेल ट्रान्सफरवरून ओघळून फ्लँजखाली थेंब धरते, हे मी दोन गाड्यांत पाहिलं आहे.

ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्सचा मागचा भाग डिझेल अन् ब्रशनं धुवा, चिंधीनं पुसा, पूर्ण वाळू द्या. मग सगळीकडे टाल्कम पावडर उडवा. दहा किलोमीटर चालवून आणा आणि बॅटरी घेऊन खाली पाहा. पावडरमध्ये तेलाची ओली रेघ जिथून सुरू होते, ती जागा खरी. खाली शिरताना नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका, चाकाला आणि चेसिसला लाकडी ठोकळे लावा.

फ्लँजच्या मधल्या मोठ्या नटाकडेही पाहा. तेल स्प्लाइनच्या (फ्लँज ज्यावर बसतो त्या दातेरी टोकाच्या) खाचांतून येऊन वॉशरखालून बाहेर पडते आणि फ्लँज फिरला की चौफेर उडते. पाहणाऱ्याला वाटते सीलच गेलं. तसं असेल तर नट काढून स्प्लाइनला आणि वॉशरखाली सिलिकॉन लावून पुन्हा आवळावा लागते.

दोन्हीकडची लेव्हलही तपासा. गाडी सपाट जागी, थंड. तेल फिलरच्या, म्हणजे तेल भरायच्या, भोकाच्या खालच्या काठापर्यंत पाहिजे. ट्रान्सफरमध्ये जास्त आणि गिअरबॉक्समध्ये कमी भरलं, तर मधलं इनपुट सील गेलं म्हणून समजा. मग मागचं सील कितीही बदला, उपयोग नाही.

मिस्त्री वणी

तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट कोणी धरली नाही. दुधाच्या चहासारखं तेल. जुनं तेल काळं पडते, दुधाळ होत नाही. दुधाळ झालं म्हणजे आत पाणी गेलं. आणि पाणी आत गेलं ते नाल्यातून.

गाडी चालली की केस गरम होते आणि आतली हवा फुगते. ती बाहेर पडायला वर ब्रीदर असतो, कुठे नुसती टोपी, कुठे रबरी नळी. तो बुजला की हवेला वाट राहत नाही. मग ती सीलच्या ओठावर, म्हणजे फ्लँजला टेकणाऱ्या रबरी कडेवर, दाब टाकते आणि तेल ढकलत बाहेर येते. उलट गरम केस नाल्याच्या गार पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि त्याच सीलमधून पाणी आत ओढून घेते. तुम्ही म्हणता चालवल्यावर जास्त गळते, उभी असली की कमी. ते याच्याशी जुळते.

परीक्षा सोपी आहे. गाडी फिरवून आणा, हाताला चटका बसणार नाही इतकी निवू द्या आणि फिलर प्लग हळूच सैल करा. हवा सुटल्याचा आवाज आला तर ब्रीदर बंद आहे.

तरी शाफ्ट खोलाच. फ्लँज ज्या जागी सीलच्या ओठावर फिरतो तिथं नख फिरवा. नख अडकलं तर तिथं चर पडला आहे आणि कोणतंच सील टिकणार नाही. फ्लँज हातात धरून वर-खाली हलवूनही पाहा. खेळ लागला तर बेअरिंग गेलं, मग खर्च मोठा. नवं सील हातोड्यानं एका बाजूनं ठोकू नका. सपाट लाकडी ठोकळा ठेवून सारखं बसवा, ओठाला आधी तेच तेल लावा. कोरडं सील पहिल्याच फेरीत जळते.

अचलपूरचा पिकअपवाला

मिस्त्री काकांशी सहमत. चर निघाला तर नवा फ्लँज घ्यायची घाई नको. त्यावर चढवायची पातळ स्टीलची स्लीव्ह मिळते, जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे सीलचा साइज तोच राहतो. ती मिळेना तर सील दोन-तीन मिलिमीटर बाहेर ठेवून बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर फिरतो. एक विचारायचं होतं, कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावून चालवता का? त्यानंही ट्रान्सफर केसवर ताण येते.

कास्तकार घाटंजी

सगळ्यांचे मनापासून आभार. डांबरी रस्त्यावर फोर व्हील कधीच लावत नाही, फक्त पांदणीत.

रविवारी घाटंजीपर्यंत फेरी मारली, अर्धा तास थांबलो आणि फिलर प्लग सैल केला. फुस्स! सायकलच्या ट्यूबसारखी हवा सुटली. वरची रबरी नळी काढली तर तिच्या तोंडात वाळलेल्या मातीचा बोळा. फोडला तर आत कुंभारीण माशीचं घर, त्यात मेलेल्या कोळ्यांचा चुरा. नाल्याचा गाळ वरून बसून सगळं दगडासारखं झालं होतं. तारेनं कोरून काढलं, नळीतून फुंकून पाहिलं, आता हवा आरपार जाते. नळीचं तोंड इंजिनच्या खोलीत उंच नेऊन बांधलं आणि त्यावर जाळी लावली.

मग शाफ्ट खोलला. फ्लँजवर नख अडकलं. चर बारीक आहे पण गोल फिरून पूर्ण, हाताला केसासारखा लागतो. तीन सीलपैकी एकाही वेळी हे कोणी दाखवलं नाही, याचं वाईट वाटते. मी प्रत्येक वेळी गॅरेजमध्येच उभा होतो, कोणी एकदा बोट लावून दाखवलं असतं तर बरं झालं असतं. बेअरिंगमध्ये खेळ नाही, तेवढं नशीब. नागपूरहून स्लीव्ह मागवली आणि काकांनी सांगितलं तसं सील बाभळीच्या ठोकळ्यानं बसवलं. आतलं पाणी धुऊन निघावं म्हणून तेल दोनदा बदललं, दुसऱ्या वेळी स्वच्छ सोनेरी निघालं.

आज बावीस दिवस झाले, नाला रोज ओलांडून राहिलो. पुठ्ठा तोच ठेवला आहे, जुन्या डागांभोवती पेननं गोल काढले आहेत. मागच्या बाजूला नवा डाग नाही. समोरच्या आउटपुटखाली मात्र काल थोडी ओल दिसली, तिथलं सील जुनंच आहे. उद्या तो फ्लँज काढून तिथंही नख फिरवतो आणि इथं कळवतो. कापूस सध्या आईच्या खोलीत रचला आहे.