व्हिस्की, रम आणि आपली मळी

‘व्हिस्की धान्याची, रम मळीची’ ही व्याख्या युरोपात चालते. तिथं धान्याशिवाय आणि लाकडी पिंपात किमान ३ वर्षं मुरल्याशिवाय बाटलीवर ‘व्हिस्की’ लिहिताच येत नाही. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीत मात्र बहुतेक मळीचंच स्पिरिट. म्हणजे बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी-संकेश्वरकडचा ऊसच की तो! स्वस्त ब्रँडीतही द्राक्षाचा फारसा पत्ता नसतो, आणि दुकानावर पाटी ‘वाईन्स’ची.

‘अरॅक’, म्हणजे गाळलेली देशी दारू, राहिलाच. मूळ अरबी शब्द ‘अरक’, म्हणजे घाम. दारू गाळताना भट्टीच्या नळीतून थेंब तसेच गळतात. कर्नाटकात अरॅक २००७ पासून बंद. पण चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की मार्च-एप्रिलात त्याच शब्दाचा भाऊ, काजूचा हुर्राक, उघड मिळतो. एकदाच गाळलेला, म्हणून फेणीपेक्षा सौम्य. पुन्हा गाळला की फेणी.