इटलीतल्या मराठा पलटणींच्या रणभूमी दाखवणारा गाईड हवा आहे

नमस्कार मंडळी,

येत्या एप्रिलमध्ये वडिलांना घेऊन इटलीला जायचं चाललंय. रोम-व्हेनिसची त्यांना ओढ नाही. त्यांचे थोरले काका दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमधून, ८व्या भारतीय डिव्हिजनबरोबर तिथे लढले. काका सुखरूप परतले, पण उत्तर इटलीतल्या सेनिओ नदीचं नाव घरात कायम निघायचं. वडिलांना ती नदी बघायची आहे. वय अठ्ठ्याहत्तर, त्यामुळे आणखी पुढे ढकलायचं नाही.

अडचण अशी, की मी चौकशी केलेल्या बहुतेक टूर मोंते कसीनोला, म्हणजे रोमच्या दक्षिणेकडच्या डोंगरावरच्या मठापाशी, सुरू होतात आणि तिथेच संपतात. कसीनोला जाणारच आहोत. ४थ्या भारतीय डिव्हिजनची माणसं १९४४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मठाखालच्या उतारांवर धारातीर्थी पडली, मे महिन्यात ८वी डिव्हिजन खालची गारी नदी ओलांडून गेली, आणि व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान) मिळालेल्या माणगावच्या यशवंत घाडग्यांचं नावही तिथल्याच स्मारकावर कोरलेलं आहे. पण त्या टूरमध्ये पोलिश, अमेरिकन, ब्रिटिश सगळे येतात. आपली माणसं एका वाक्यात उरकतात. ते मला नको आहे.

सेनिओ तशी लहान नदी. पण पुराचं पाणी अडवायला दोन्ही बाजूंनी उंच बांध घातलेत आणि जर्मनांनी ते पोखरून आत मशीनगनची ठाणी केली होती. ९ एप्रिल १९४५ च्या हल्ल्यात नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे, होते. कंपनी त्यांच्या डोळ्यांदेखत कापली गेली. त्यांनी दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, चढ्या बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं. मग एकट्याने तीन मशीनगन ठाणी बंद पाडली. हाताला जखम झाल्यावर टॉमीगन (हातातली छोटी मशीनगन) चालवता येईना, तेव्हा हातबॉम्ब फेकले. शेवटी बांधावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना करत बाकीच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो यासाठी.

मला असा माणूस हवा, जो त्या बांधावर उभा राहून नकाशा उघडेल आणि सांगेल की आपली पलटण कुठून आली, पाणी कुठे ओलांडलं, सुरुंग कुठे होते. इंग्रजी बोलणारा चालेल.

जाणकारांनी एवढं सांगावं:

सेनिओच्या भागातल्या लुगो किंवा फोर्लीकडचा स्थानिक गाईड कोणी घेतला आहे का? दिवसाचे साधारण किती घेतात?

यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात धारातीर्थी पडले. जवळच्या मोंतोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सनडायलचं (सूर्यघड्याळाचं) स्मारक झालंय. गाव टेकडीवर आहे. वडिलांचे गुडघे दुखतात, तर गाडी वरपर्यंत जाते का?

आणि कसीनो, मोंतोने, सेनिओ हे सगळं एका आठवड्यात धावपळ न करता जमेल का? खाण्यापिण्याचं आम्ही बघून घेऊ.

---

प्रतिसाद:

दादा, अगदी योग्य महिना निवडलाय. लुगो आणि अल्फोन्सिने ही गावं १० एप्रिल १९४५ ला मुक्त झाली, त्यामुळे त्या आठवड्यात तिकडे लोक या विषयावर मनापासून बोलतात. २५ एप्रिलला मात्र देशभर सुट्टी असते, तेव्हा कामाचं काही ठेवू नका.

अल्फोन्सिनेला सेनिओच्या लढाईचं संग्रहालय आहे. गाईडसाठी आधी त्यांनाच ईमेल करा. टूर कंपनीपेक्षा तिथली मंडळी बांध न् बांध ओळखतात. मुक्काम फोर्लीत करा, बोलोन्याहून रेल्वेने तासाच्या आत पोचता. फोर्लीतच भारतीय सैनिकांची वेगळी दफनभूमी आहे आणि ज्यांचं दहन झालं त्यांच्या नावांचं स्मारकही. वडिलांना तिथे निवांत वेळ द्या, ती जागा घाईत बघायची नाही. एका आठवड्यात तिन्ही ठिकाणं होतील, पण मोंतोनेसाठी गाडी भाड्यानेच घ्या. वरपर्यंत जाते का ते मोंतोनेच्या नगरपालिकेला विचारून घ्या.

एक काम आत्ताच करा. बटालियनची एप्रिल १९४५ ची वॉर डायरी (लढाईतली रोजची नोंदवही) लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्हज्‌मध्ये शोधा, सापडली तर प्रत मागवा. त्यात रोजच्या जागा मिळतात, आणि ती हातात असली की गाईडला नेमका बांध दाखवावाच लागतो. काकांचं डिस्चार्ज बुक (सैन्यातून मोकळं होताना मिळणारं नोंदपुस्तक) घरात आहे का? त्यावर कंपनी लिहिलेली असेल तर इथे टाका, आपण मिळून नकाशावर लावू.