एनर्जीची बाटली विसरलात का?

गोरेगावकर: काल इथं एकानं ठासून लिहिलं, "बाटलीतलं फ्लेवर्ड दूध मुंबईला अमूलनं शिकवलं." वाचून डोकं फिरलं. मग आरे या सरकारी डेअरीचं एनर्जी नावाचं फ्लेवर्ड दूध काय होतं? स्टेशनवरच्या आरेच्या स्टॉलवर काचेची थंडगार बाटली, पत्र्याचं बूच, आत हिरवट पिस्ता नाहीतर पिवळं केशर. दहावीचा शेवटचा पेपर झाल्यावर आईनं दादरला घेऊन दिली होती. बाटली परत द्यायची म्हणून गाडी सोडली आम्ही! शहरातले तबेले हलवून गोरेगावात आरेची सुमारे १६ हजार म्हशींची वसाहत उभी राहिली, १९५१ मध्ये नेहरूंनी उद्घाटन केलं. हे सगळं पुसायचं?

खेडा_ते_मुंबई: पुसत कुणी नाही, पण अर्धंच सांगू नका. मुंबईला दूध पुरवणाऱ्या १९४५ च्या सरकारी बॉम्बे मिल्क स्कीमला दूध कुठून यायचं? गुजरातच्या खेडा जिल्ह्यातून, पोल्सन या खासगी डेअरीमार्फत. शेतकऱ्याच्या हातात चिल्लर. म्हणून १९४६ मध्ये दूध बंद केलं आणि त्यातून अमूलचा संघ उभा राहिला. एनर्जी सरकारी खात्याची, अमूल शेतकऱ्यांची. फरक आहे.

गोरेगावकर: मुंबईचे मिल्क कमिशनर दारा खुरोडींचं नावही घेत नाही तुम्ही. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार अमूलचे कुरियन, त्रिभुवनदास पटेल आणि आपले खुरोडी या तिघांना मिळून दिला होता. पहिली दोन नावं पोरांना पाठ, तिसरं कुणाला माहीत नाही.

खेडा_ते_मुंबई: खुरोडींना आपल्या दुधापेक्षा न्यूझीलंडची दूध भुकटी जवळची होती, हे कुरियननी स्वतः सांगितलंय.

गोरेगावकर: एका बाजूनं सांगितलेलं! मुंबईला रोज पहाटे दूध पुरवायची जबाबदारी खुरोडींवर होती. उन्हाळ्यात दूध आटलं की त्यांनी काय करायचं?

कागलचा_शेतकरी: तुम्ही बाटल्यांवरून भांडताय. आमच्या गावच्या दूध संकलन केंद्रावर फॅट मारतात, ज्यावर भाव ठरतो, त्याचं बोला. त्याच म्हशीचं दूध, सकाळी ६.८, संध्याकाळी ५.९. विचारलं तर म्हणे, वैरण बदलली असेल. मी बदललेली नाही! दहा दिवसांच्या दुधाचं बिल पंचवीस दिवसांनी. इतिहास कुणाचाही असो, धार मीच काढतो.

खेडा_ते_मुंबई: दादा, म्हणूनच मालकी शेतकऱ्याची हवी म्हणतोय.

कागलचा_शेतकरी: आमचंही केंद्र सहकारीच आहे. नुसत्या शब्दानं फॅट वाढत नाही.

वरळीची_लेक: बाबा वरळी डेअरीत होते. धुतलेली प्रत्येक बाटली उजेडासमोरून जायची, तडा किंवा डाग दिसला की बाजूला. डोळे चुरचुरत घरी यायचे. सरकारी म्हणजे ढिसाळ, असं कुणी म्हटलं की मला सहन होत नाही. माणसं जीव तोडून राबत होती.

खेडा_ते_मुंबई: ताई, ढिसाळ हा शब्द मी वापरला नव्हता. पण खात्याला बाजारात विकता आलं नाही, एवढं तरी माना. २०२४ मध्ये राज्यातल्या दूध संघांचं महानंदसुद्धा एनडीडीबीकडे, म्हणजे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे चालवायला गेलं, म्हणजे पुन्हा अमूलचं आणंदच.

गोरेगावकर: मानतो. मनापासून नाही, पण मानतो. तुम्हीही माना की अमूलनं मुंबईला फ्लेवर्ड दूध "शिकवलं" हे खोटं आहे.

खेडा_ते_मुंबई: "शिकवलं" चूक. "टिकवलं" म्हणा.

वरळीची_लेक: बाबांनी आणलेली एक रिकामी बाटली आहे माझ्याकडे. काचेवरची अक्षरं पुसट झालीत, पण हाताला लागतात.